पिट्युटरीच्या मागच्या भागातली गाठ: पिट्युसाइट आणि पिट्युसायटोमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कडेचं दिसेनासं झालं म्हणून भावाचा एमआरआय केला, पिट्युटरी अडिनोमा (या ग्रंथीच्या पुढच्या भागातली साधी गाठ) असं निदान झालं, नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन झालं. बायोप्सीत मात्र आलं 'पिट्युसायटोमा, ग्रेड १, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, एस-१०० पॉझिटिव्ह, सिनॅप्टोफायसिन निगेटिव्ह'. गाठीचा छोटा तुकडा मागे ठेवावा लागला. हा मेंदूचा कॅन्सर आहे का, आधीचं निदान चुकलं का, आणि आता काय सांभाळायचं?

कॅन्सर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही ग्रेड १ ची, हळू वाढणारी गाठ आहे. शरीरात दुसरीकडे पसरण्याची भीती जवळपास धरू नका. जी काळजी करायची ती जागेची, कारण दृष्टीच्या नसा, हायपोथॅलॅमस (मेंदूच्या तळाशी हार्मोनवर नियंत्रण ठेवणारा भाग) आणि हार्मोनचा सगळा कारभार हाताच्या अंतरावरही नाही, काही मिलिमीटरवर आहे. निदान चुकलं म्हणाल, तर एमआरआय बघून ही गाठ छातीठोकपणे सांगणारा रेडिओलॉजिस्ट विरळाच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे आणि ते नीट कळायला ही पेशी कोण, हे आधी कळायला हवं.

पिट्युटरी ही जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, वाटाण्याएवढी ग्रंथी. आपण तिला एक अवयव म्हणतो, पण तिचे दोन भाग दोन वेगळ्या घरांतून आलेले आहेत. पुढचा भाग गर्भात तोंडाच्या छताच्या आवरणातून वर सरकतो. तोच प्रोलॅक्टिन, ग्रोथ हार्मोन, एसीटीएच वगैरे तयार करतो आणि अडिनोमा त्याच्या पेशींचे होतात. मागचा भाग मेंदूच्या तळातून देठासारखा खाली उतरतो. तो मेंदूच आहे, फक्त कवटीच्या खोबणीत येऊन बसलेला. तिथे एकही हार्मोन तयार होत नाही. वर हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राऑप्टिक आणि पॅराव्हेंट्रिक्युलर या दोन पेशीसमूहांतल्या मोठ्या चेतापेशी व्हॅसोप्रेसिन (लघवी आवरून पाणी राखणारं हार्मोन) आणि ऑक्सिटोसिन बनवतात, त्यांचे लांब तंतू देठातून खाली येतात आणि टोकांशी हा माल साठवतात. साठ्याने फुगलेल्या त्या जागांना हेरिंग बॉडी म्हणतात. पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर त्या का शोधतो ते पुढे येईल.

या तंतूंच्या मधोमध, जवळपास पाव ते तीसेक टक्के जागा व्यापून, ज्या पेशी असतात त्या पिट्युसाइट. पॉल ब्यूसी यांनी १९३० साली हे नाव दिलं. या ग्लायल पेशी आहेत, म्हणजे संदेश न देणाऱ्या, चेतापेशींची उस्तवार करणाऱ्या. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींच्या चुलत घराण्यातल्या म्हणा. पण यांचं काम नुसतं आधार देण्याचं नाही. शरीरातल्या पाण्याच्या हिशेबात त्या थेट हात घालतात.

जरा जवळून बघा. इथल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला बारीक छिद्रं असतात. मेंदूत इतरत्र असतो तसा रक्त आणि मेंदू यांच्यातला बांध इथे नाही, कारण हार्मोन रक्तात सुटायलाच हवं. तंतूचं टोक या भिंतीला टेकलं की माल रक्तात जातो. शरीरात पाणी पुरेसं असतं तेव्हा पिट्युसाइट आपले हात टोक आणि भिंत यांच्यामध्ये घालून बसतात, टोकांना कवेत घेतात. पाणी कमी पडलं की त्या हात आखडून घेतात, जास्त टोकं भिंतीला भिडतात आणि व्हॅसोप्रेसिन सुटायची वाट मोकळी होते. उंदरांवरच्या प्रयोगांत हा बदल पाणी तोडल्यावर, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावर पाजताना दिसतो आणि नंतर पूर्ववत होतो. दुसरी युक्ती रासायनिक आहे. रक्त पातळ झालं की पिट्युसाइट किंचित फुगतात आणि टॉरिन नावाचा पदार्थ सोडतात. तो शेजारच्या टोकांवरच्या ग्लायसिन रिसेप्टरवर बसून व्हॅसोप्रेसिनची सोडत दाबतो. व्हॅसोप्रेसिन कमी म्हणजे लघवी जास्त, म्हणजे जादा पाणी बाहेर.

पिट्युसाइट सगळ्या एकसारख्या नसतात. १९८० साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली माणसाच्या ग्रंथीत त्यांचे पाच प्रकार वर्णिले गेले: मुख्य, गडद, कणदार, ऑन्कोसायटिक म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेले, आणि एपेन्डायमल म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांच्या अस्तरासारखे. या यादीचं महत्त्व खूप उशिरा लक्षात आलं. गाठी आधीच वेगवेगळ्या नावांनी फिरत होत्या. पिट्युसायटोमा हे नाव तर पूर्वी इतकं सैल वापरलं जायचं, की पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा आणि ग्रॅन्युलर सेल ट्यूमरही त्यात जमा व्हायचे. त्यामुळे २००० सालापूर्वीचे लेख वाचून या गाठीचं भविष्य ठरवू नका. २००० साली पिट्युसायटोमाची व्याख्या आवळली गेली. २००२ मध्ये स्पिंडल सेल ऑन्कोसायटोमाचं वर्णन आलं आणि तो पुढच्या भागाचा समजला गेला. मग २००९ मध्ये दिसलं की पिट्युसायटोमा, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर आणि ऑन्कोसायटोमा या तिन्ही गाठींच्या पेशींचं केंद्रक टीटीएफ-१ साठी रंगतं आणि निरोगी प्रौढ पिट्युसाइटचंही रंगतं. टीटीएफ-१ हे मेंदूच्या तळाचा हा भाग गर्भात घडवणारं प्रथिन. म्हणजे ऑन्कोसायटोमाही मागच्याच घरचा निघाला. आता मेंदूच्या गाठींच्या २०२१ च्या वर्गीकरणात हे तिघे एका गटात आहेत, आणि अंतःस्रावी गाठींच्या २०२२ च्या वर्गीकरणात 'पिट्युसाइट गाठींचं कुटुंब' म्हणून त्यांच्या जोडीला एपेन्डायमल प्रकारही बसवला आहे.

इथे एक धोक्याची सूचना, कारण रिपोर्ट हातात पडला की घरातलं कुणीतरी टीटीएफ-१ इंटरनेटवर शोधतंच. उत्तर येतं फुप्फुसाचा कॅन्सर किंवा थायरॉइड. ते खोटं नाही, त्या गाठीही टीटीएफ-१ पॉझिटिव्ह असतात आणि फुप्फुसाचा कॅन्सर पिट्युटरीच्या मागच्या भागात येऊन बसल्याची उदाहरणंही आहेत. पण पॅथॉलॉजिस्ट एका रंगावर निदान देत नाही. पसरलेल्या कॅन्सरमध्ये केराटिन ठळक येतं, पेशी ओबडधोबड आणि विभाजनं भरपूर. पिट्युसायटोमात पेशी लांबट, शांत, एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्यांसारख्या किंवा चटईच्या विणीसारख्या मांडलेल्या. केआय-६७, म्हणजे विभाजनाच्या तयारीतल्या पेशींचं प्रमाण, बहुतेक वेळा ३ टक्क्यांच्या आत.

तुमच्या रिपोर्टमधले बाकीचे शब्दही कामाचे आहेत. सिनॅप्टोफायसिन निगेटिव्ह म्हणजे अडिनोमा नाही. अडिनोमात ते येतं, शिवाय पिट-१, टी-पिट, एसएफ-१ यांपैकी एखादा घटकही सहसा रंगतो. एस-१०० पॉझिटिव्ह हे ग्लायल वळणाचं लक्षण. जीएफएपी हे दुसरं ग्लायल प्रथिन मात्र कधी येतं, कधी नुसतं डागाळतं, कधी येतच नाही; त्यावर भिस्त ठेवू नये. हेरिंग बॉडी दिसल्या तर तो कदाचित निरोगी मागच्या भागाचाच तुकडा असतो, गाठ नव्हे. बायोप्सी लहान असेल तर ही चूक होऊ शकते. रोझेन्थल तंतू आणि इओसिनरंगी कणदार गोळे दिसले तर पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमाचा विचार करायचा. पेशी मोठ्या, पीएएस रंगाच्या कणांनी भरलेल्या आणि सीडी-६८ पॉझिटिव्ह असतील तर ग्रॅन्युलर सेल प्रकार. ईएमए ठळक आणि मायटोकॉन्ड्रियाचा रंग भरगच्च असेल तर ऑन्कोसायटिक. टीटीएफ-१ रंगवायला वापरायच्या अँटिबॉडीचे प्रकार, म्हणजे क्लोनही, सारखे नाहीत. एसपीटी-२४ जास्त संवेदनशील, ८जी७जी३/१ कधी कधी फसवतो. चित्र जुळतंय आणि टीटीएफ-१ तेवढं निगेटिव्ह आलंय, अशा वेळी क्लोन कोणता वापरला हे विचारायलाच हवं.

याच परिसरात आणखी एक विशेष ग्लायल पेशी राहते, टॅनिसाइट. मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या तिसऱ्या पोकळीच्या तळाशी, एक पाय पोकळीतल्या द्रवात आणि दुसरा खाली रक्तवाहिनीपर्यंत. कॉर्डॉइड ग्लायोमा हा टॅनिसाइटसारख्या पेशींशी जोडला जातो, तोही टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पण तो पोकळीच्या पुढच्या भिंतीपाशी असतो, ग्रेड २ चा आहे, आणि पीआरकेसीए जनुकातला ठरावीक बदल ही त्याची जवळपास सहीच. जागा आणि जनुक पाहिले की घोटाळा राहत नाही.

आता एमआरआयवर ही गाठ का चकवते. भरीव, कडा स्पष्ट, एमआरआयच्या टी-१ चित्रावर मेंदूच्या करड्या भागाइतकीच उजळ, आणि कॉन्ट्रास्ट दिला की एकसंध झगझगीत. नॉन-फंक्शनिंग (हार्मोन न बनवणारा) अडिनोमा, मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) यांचंही वर्णन असंच करता येईल. शंका यावी अशा खुणा मात्र आहेत. टी-१ वर मागच्या भागाचा जो पांढरा ठिपका दिसतो, तो व्हॅसोप्रेसिनच्या साठ्याचा. तो नाहीसा झालेला किंवा सरकलेला असतो. निरोगी ग्रंथी गाठीच्या पुढे ढकललेली दिसते, म्हणजे गाठ मागून किंवा देठापासून वाढली. कॉन्ट्रास्ट देता देता सलग चित्रं घेतली तर पिट्युसायटोमा फार लवकर आणि जोरात उजळतो, तर अडिनोमा बहुधा निरोगी ग्रंथीच्या मागून. आणि गाठीत किंवा भोवती काळ्या नागमोडी रेघा, म्हणजे वाहत्या रक्तवाहिन्या. या खुणा जमल्या तर ऑपरेशनआधीच सर्जनला 'रक्त जाईल' असं सांगणं रेडिओलॉजिस्टचं कर्तव्य आहे, नाव नेमकं सांगता आलं नाही तरी चालेल.

रक्तातल्या प्रोलॅक्टिननेही फसगत होते. देठावर दाब आला की वरून येणारा डोपामिनचा लगाम सुटतो आणि प्रोलॅक्टिन वाढतं, सहसा १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत. ते पाहून प्रोलॅक्टिनोमा (प्रोलॅक्टिन बनवणारा अडिनोमा) समजून त्यावरचं औषध कॅबर्गोलिन सुरू केलं, तर आकडा सुरेख खाली येतो आणि गाठ आपली वाढतच राहते. मोठी गाठ आणि जेमतेम वाढलेलं प्रोलॅक्टिन ही जोडी दिसली की आकड्यावर समाधान मानू नये, काही महिन्यांत स्कॅन करावाच.

गंमत म्हणजे पाणी सांभाळणाऱ्या पेशींची गाठ असूनही ऑपरेशनआधी खूप लघवी होण्याची तक्रार कमीच असते. कारण सोपं आहे: व्हॅसोप्रेसिन पिट्युसाइट बनवतच नाहीत. वरच्या चेतापेशी शाबूत असतील आणि तंतू हळूहळू बाजूला सरकत गेले असतील, तर सोडत कुठूनतरी चालू राहते. खरा प्रश्न ऑपरेशननंतर उभा राहतो, कारण तेव्हा देठ एका दिवसात दुखावतो.

मागे तुकडा का ठेवला, याचं उत्तरही याच शरीररचनेत आहे. अडिनोमा बहुधा मऊ, चमच्यासारख्या क्युरेटने खरवडून निघतो. पिट्युसायटोमा घट्ट आणि रक्ताने भरलेला. त्याला रक्त पुरवणाऱ्या हायपोफिझियल धमन्या इतक्या बारीक आहेत आणि त्यांच्याच फांद्या दृष्टीच्या नसांनाही रक्त देतात, त्यामुळे आधी नळी घालून पुरवठा बंद करणं बहुधा जमत नाही किंवा परवडत नाही. अडिनोमा समजून क्युरेट फिरवला तर मैदान रक्ताने भरतं आणि दिसणं बंद. नीट पद्धत म्हणजे कडेने वेगळी करत, वाहिन्या एकेक करून जाळत, शक्य तर गाठ अखंड काढणं. ती देठातच उगवली असेल तर पूर्ण काढणं म्हणजे देठ कापणं. अशा वेळी दृष्टीच्या नसेला किंवा हायपोथॅलॅमसला चिकटलेला तुकडा ठेवून बाहेर येणारा सर्जन माझ्या मते शहाणपणच करतो. फ्रोझन सेक्शनवर (ऑपरेशन चालू असतानाच्या झटपट तपासणीत) 'लांबट पेशींची गाठ' इतकंच कळतं, त्यामुळे त्या वेळी निदान सांगितलं नाही याचा राग धरू नका.

आता तुम्ही सांभाळायची गोष्ट: पाणी, सोडियम आणि कॉर्टिसोल, या क्रमाने.

ऑपरेशननंतर पहिल्या एकदोन दिवसांत दर तासाची लघवी मोजतात. सलग दोनतीन तास ताशी २५० ते ३०० मिलिलिटरपेक्षा जास्त, लघवी पाण्यासारखी, तिची विशिष्ट घनता १.००५ च्या खाली, आणि रक्तातलं सोडियम १४५ मिलिमोल प्रति लिटरच्या वर चाललेलं, तर व्हॅसोप्रेसिन कमी पडतंय. नुसती लघवी जास्त आहे म्हणून डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनसारखं औषध) देऊ नये; ऑपरेशनमध्ये सलाइन भरपूर गेलं असेल तर शरीर ते बाहेर टाकत असतं आणि तेव्हा सोडियम वाढत नाही. दोन्हींतला फरक सोडियमच सांगतं.

मग येते ती अवस्था, जिच्यात माणूस घरी गेलेला असतो. देठ दुखावला तर कधी कधी तीन टप्पे दिसतात. सुरुवातीचे दिवस लघवी भरमसाठ. साधारण पाचव्या दिवसापासून मरणाऱ्या तंतूंतला साठलेला माल एकदम गळतो, लघवी आटते, सोडियम कोसळतं. साठा संपला की पुन्हा भरमसाठ, आणि ती बहुधा कायमची. मधल्या टप्प्यात घरचे म्हणतात, लघवी कमी झाली, बरं वाटतंय, आणि सवयीने तांब्याभर पाणी पाजत राहतात. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, मग आकडी, असा तो प्रवास होतो. म्हणून घरी गेल्यावरही सातव्या दिवसाच्या आसपास सोडियमची एक तपासणी ठरलेलीच असावी, आणि त्या आठवड्यात पाणी तहानेपुरतंच. सोडियम खाली गेलंच तर ते घाईने चढवायचं नाही. २४ तासांत ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त वाढू देऊ नये, नाहीतर मेंदूच्या खोडातलं मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) जातं.

लघवीचा त्रास कायमचा राहिला तर डेस्मोप्रेसिनची गोळी, सुरुवात बहुधा रात्री ०.१ मिलिग्रॅमने. दिवसातून एकदा, पुढच्या गोळीआधी, लघवी पातळ आणि मोकळी होऊ द्यायची. लागोपाठ गोळ्यांनी ती फट बुजवली की पाणी साठतं आणि सोडियम उतरतं. या आजाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणत. २०२२ मध्ये नाव बदलून व्हॅसोप्रेसिनची कमतरता असं केलं, कारण 'डायबेटिस' शब्दाने साखरेच्या आजाराशी घोळ होऊन दाखल रुग्णांचं डेस्मोप्रेसिन राहून जायचं आणि त्यात जीवही गेले. तुम्हीही दवाखान्यात सांगताना नवंच नाव सांगा.

कॉर्टिसोलबद्दल दोन सापळे. कॉर्टिसोल कमी असेल तर मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे व्हॅसोप्रेसिनची कमतरता झाकली जाते. त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी सुरू केली की दुसऱ्या दिवशी लघवी धो धो सुरू होते आणि दोष औषधाला दिला जातो. औषध बंद करू नका, सोडियम तपासा. दुसरा सापळा थायरॉइडचा. कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर माणूस कोसळू शकतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. आणि थायरॉक्सिनचा डोस फ्री टी-४ वर ठरवायचा. पिट्युटरीच बिघडलेली असताना टीएसएच खाली किंवा नॉर्मल येतं, ते बघून डोस कमी करणं ही नेहमी होणारी चूक आहे. हायड्रोकॉर्टिसोन कायम लागलं तर दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, सकाळी मोठा वाटा. ताप आला की दुप्पट किंवा तिप्पट. उलट्यांनी गोळी टिकत नसेल तर घरी थांबायचं नाही, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं.

उरलेल्या तुकड्याचं काय? लगेच रेडिएशन देण्याची घाई मला पटत नाही. पहिला संदर्भ एमआरआय साधारण तीन महिन्यांनी, सूज आणि रक्त ओसरल्यावर. त्याआधीच्या चित्रात उरलेली गाठ कोणती आणि जखम कोणती हे सांगता येत नाही. मग दरवर्षी, आणि सोबत दृष्टीच्या कडांची पेरिमेट्री. गाठ पूर्ण निघाली तर ती परतणं कमी. तुकडा राहिला तर काही वर्षांनी वाढू शकतो, ऑन्कोसायटिक प्रकारात जास्त. वाढ मोजण्यासाठी नेहमी पहिल्या चित्राशी तुलना करायला सांगा, गेल्या वर्षीच्या नव्हे. दर वर्षी एक मिलिमीटर वाढलेली गाठ गेल्या वर्षीशी तोलली की 'स्थिर' लिहिली जाते, आणि पाच वर्षांनी पाच मिलिमीटरची वाढ कुणी पाहिलेलीच नसते.

वाढ सिद्ध झाली तर आधी पुन्हा ऑपरेशनचा विचार, ते शक्य नसेल तर रेडिओसर्जरी, म्हणजे नेमक्या जागी एका वेळेत दिलेलं तीव्र रेडिएशन. त्यात अडचण अंतराची. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्या जागेला एका वेळेत ८ ते १० ग्रे (रेडिएशनचं एकक) यापेक्षा जास्त चालत नाही, म्हणून गाठ आणि नस यांच्यात दोनतीन मिलिमीटरची फट लागते. फट नसेल तर रेडिएशन लहान लहान मात्रांत, अनेक दिवसांत विभागून देतात. औषधोपचाराला ठरलेली वाट नाही. काही गाठींत पेशींची वाढ चालवणाऱ्या एमएपीके मार्गातल्या जनुकांत बदल सापडतात, पण त्याचा उपयोग आज तरी वारंवार परतणाऱ्या गाठीपुरताच.

एक काम आत्ताच करून ठेवा. पॅथॉलॉजी विभागाकडून पॅराफिन ब्लॉकचा (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्याचा) क्रमांक लिहून घ्या आणि तो ब्लॉक किती वर्षं जपला जातो ते विचारा. ही गाठ दुर्मीळ आहे. पुढे कधी दुसरं मत किंवा जनुक तपासणी लागली, तर नुसत्या रंगवलेल्या स्लाइड बहुधा पुरत नाहीत, ब्लॉक लागतो. ऑपरेशनआधीच्या आणि तीन महिन्यांच्या एमआरआयच्या डिजिटल फाइल रिपोर्टच्या कागदाखेरीज वेगळ्या जपून ठेवा. फिल्मच्या फोटोवरून मिलिमीटर मोजता येत नाहीत.